सोलापूरच्या गच्चीवरनं तारे बघायला शिकायचंय? मग पुस्तक घेताना आधी एवढं बघा

माझ्या आतेभावानं पुण्यातनं येताना एक इंग्रजी पुस्तक आणलेलं, जाडजूड, गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत तेजोमेघ, म्हणजे अंतराळातले वायू-धुळीचे ढग. पहिल्याच धड्यात लिहिलेलं की सुरुवात सप्तर्षींपासून करा, ते वर्षभर कुठल्याही रात्री दिसतात. डिसेंबरचा महिना, रात्रीचे नऊ, मी जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर कानटोपी घालून उत्तरेकडं तोंड करून तासभर उभा. सप्तर्षी काय सापडेनात. शेजारचे काका टाकी भरली का बघायला वर आलेले, म्हणाले, "काय बगलालास बे वर, पतंग अडकला का?" मला वाटलं शहराचा उजेड जास्त असंल, नायतर माझाच नंबर वाढला असंल. दोन्ही नव्हतं. सप्तर्षी त्या वेळी क्षितिजाच्या खाली होते, आख्खेच्या आख्खे.

पुस्तक खोटं नव्हतं, ते लंडनकडच्या माणसासाठी लिहिलेलं एवढंच. तिथं सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. आपलं सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, आपल्याकडं ते रीतसर उगवतात नि मावळतात. हे कळायला मला एक आख्खा हिवाळा गेला, तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

तर पुस्तक हातात आलं की चित्रं बघू नका, आधी नकाशे उघडा. नकाशाच्या खाली नायतर प्रस्तावनेत कुठंतरी लिहिलेलं असतं की हे अमुक अंश उत्तरेसाठी आहे. ४० किंवा ५० अंश असंल तर ते पुस्तक वाचायला चालेल, पण गच्चीवर नेलं की दर दोन पानांमागं फसवणार. १५ ते २५ अंशातलं असंल तर डोळे झाकून घ्या. आणि काहीच लिहिलेलं नसंल तर एक सोपी परीक्षा आहे: फेब्रुवारीच्या नकाशात दक्षिणेला अगस्तीचा तारा (इंग्रजीत कॅनोपस) आहे का, आणि मे महिन्याच्या नकाशात त्रिशंकू (इंग्रजीत सदर्न क्रॉस) आहे का ते बघा. दोन्ही असतील तर ते आपल्या आकाशाचं पुस्तक. मराठीत लिहिलेली आकाशदर्शनाची पुस्तकं या परीक्षेत बहुतेक पास होतात कारण ती महाराष्ट्रातच बसून लिहिलेली असतात, आणि वरनं व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, प्रश्वा ही आपली नावं त्यात मिळतात.

पुस्तकाची जुनी आवृत्ती मिळाली तर तोंड वाकडं करू नका. तारे पन्नास वर्षांत डोळ्याला कळेल इतके सरकत नाहीत, त्यामुळं वडिलांच्या वेळचा नकाशा आजही तसाच चालतो. जुनं होतं ते ग्रहांचं वेळापत्रक, ग्रहांच्या चंद्रांची संख्या, आणि प्लूटो, ज्याला २००६ साली बटुग्रहांच्या पंगतीत बसवलं. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी आधी दोन-चार पुस्तकं चाळा, मग विकत घ्यायचं काय ते ठरवा. दुकानात थेट गेलात तर माझ्यासारखं होईल, मी "तारे-नक्षत्रांवर काय आहे का" म्हणून विचारलं तर त्या भल्या माणसानं मला पत्रिका कशी मांडावी आणि साडेसातीवरचे उपाय असे दोन ग्रंथ काढून दिले.

अजून एक घोळ सगळेच घालतात. वाचायचं पुस्तक वेगळं आणि अंधारात हातात धरायचं पुस्तक वेगळं. जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' हे वाचायचं, दिवसा, पंख्याखाली, चहा घेत. तारा म्हणजे काय, तो जन्मतो कसा मरतो कसा, विश्व केवढं, हे मराठीत इतकं स्वच्छ सांगितलेलं आहे की कॉलेजातली फिजिक्सची भीती मोडते. पण आज रात्री साडेआठला पूर्वेला काय उगवतंय याचं उत्तर त्यात शोधायचं नसतं, ते त्याचं कामच नाही. ब्लॅक होल, बिग बँगवरची जी गाजलेली पुस्तकं आहेत त्यांचंही तसंच, वाचून डोकं गरगरतं आणि वर बघितलं तर एक तारा ओळखता येत नाही.

हातात धरायच्या पुस्तकांत इंग्रजी चालत असंल तर 'टर्न लेफ्ट ॲट ओरायन' नावाचं एक आहे, पहिली आवृत्ती १९८९ ची. त्याची खुबी अशी की तेजोमेघ नि तारकागुच्छ छोट्या टेलिस्कोपमधनं जसे फिकट दिसतात तसेच चित्रात काढलेत, अंतराळातल्या दुर्बिणीचे झगमगीत फोटो टाकून आशा लावलेली नाही. ते मुख्यतः उत्तरेकडच्या लोकांसाठी लिहिलंय, पण टेलिस्कोप घ्यायच्या आधी एकदा वाचाच, अपेक्षा जागेवर येतात. आणि जुन्या मराठीची आवड असंल तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'ज्योतिर्विलास' कुठं मिळालं तर सोडू नका, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं पुस्तक, आणि त्याचं दुसरं नाव बघा, 'रात्रीची दोन घटका मौज'.

आता खरी गंमत सांगतो. तुमच्या घरात आकाशाचं एक पुस्तक आधीच आहे, खिळ्याला टांगलेलं नायतर देव्हाऱ्याजवळ ठेवलेलं. पंचांग. दाते पंचांग तर आपल्या सोलापूरचंच, शंभर वर्षांहून जास्त काळ निघतंय, आणि आपण ते मुहूर्त नि उपासासाठी सोडून कशालाच उघडत नाही. भविष्याचा भाग बाजूला ठेवा, मला त्यातलं कळत नाही आणि इथं त्याचं कामही नाही. पण त्यात रोजचं जे नक्षत्र दिलेलं असतं ते म्हणजे चंद्र त्या दिवशी आकाशात कुठल्या भागात आहे त्याचा पत्ता असतो. पंचांगात रोहिणी लिहिलंय त्या रात्री चंद्र बघा, जवळच एक तांबूस ठळक तारा दिसेल, ती रोहिणी. मघाच्या दिवशी मघा, चित्राच्या दिवशी चित्रा. मी पहिले पाच-सहा तारे असेच ओळखले, ना ॲप ना नकाशा. फक्त एक ध्यानात ठेवा, पंचांगातली सत्तावीस नक्षत्रं म्हणजे आकाशाच्या वर्तुळाचे १३ अंश २० कलांचे सारखे तुकडे आहेत, आणि तारे काय कुणी मोजपट्टी लावून ठेवलेले नाहीत, त्यामुळं चंद्र ताऱ्याला चिकटूनच असंल असं नाही. आणि स्वातीच्या दिवशी तर हमखास फसाल, कारण स्वातीचा तारा चंद्राच्या वाटेपासून तब्बल तीस अंश उत्तरेला आहे.

ग्रहांचंही तसंच. पंचांगात गुरू ज्या राशीत दिलाय त्या राशीच्या तारकासमूहातच तो साधारण दिसतो. पेपरात येणाऱ्या परदेशी पद्धतीच्या राशींशी हे जुळत नाही, त्यात आज सुमारे चोवीस अंशांचा फरक पडलेला आहे, पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो त्यामुळं. म्हणून आकाशाशी ताडून बघायला आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून राशी मोजणारं, पंचांगच बरं.

पंचांगावरनंच दुसरा हिशेब, कुठल्या रात्री वर जायचं. लोक हौसेनं पौर्णिमेला गच्चीवर जातात आणि तारेच दिसत नाहीत म्हणून खाली येतात. मी नियम केलाय: संकष्टी ते विनायकी. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या आगंमागं असतो, उपास सोडायचा म्हणून घराघरात ती वेळ पाठ असते, म्हणजे तोवर आकाश काळं. त्यानंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, मग अमावास्या, मग विनायकीपर्यंत चंद्रकोर लवकर मावळून जाते. महिन्यातले हे पंधरा दिवस ताऱ्यांचे. बाकीचे पंधरा चंद्राचे, आणि चंद्र बघायचा तर पौर्णिमेचा नको, अष्टमीच्या आसपासचा बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात तेव्हा साध्या बायनॉक्युलरमधनंही खड्डे कळतात.

आता गच्चीवर. सोलापुरी चादर अंथरा, खुर्ची नको, खुर्चीत मान अर्ध्या तासात आखडते. मोबाईल खिशात. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सॲप मेसेज बघितला की ती सगळी कमाई गेली, पुन्हा पहिल्यापासून. नकाशा बघायला टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या रबरानं बांधा, लाल उजेडानं डोळे तेवढे बिघडत नाहीत. ॲप वापरायचंच असंल तर स्टेलॅरियम चांगलं, त्यात ठिकाण सोलापूर टाका, रात्रीचा लाल मोड चालू करा, आणि घरात बसून आधी बघून घ्या, वर जाऊन नाही. मोबाईल आकाशाकडं धरून "हा कुठला, तो कुठला" करत बसलात तर सहा महिन्यांनीही तुम्हाला काही येणार नाही, येईल ते मोबाईलला.

नकाशा पहिल्यांदा हातात घेतला की माणूस म्हणतो हा छापायला चुकलाय, पूर्व डावीकडं नि पश्चिम उजवीकडं. चुकलेला नाही. तो डोक्यावर छत्रीसारखा धरायचा असतो, तोंड खाली करून, उत्तर उत्तरेकडं. एकदा धरून बघा, चारी दिशा आपोआप जागेवर बसतात. उभं राहून बघायचं तर ज्या दिशेला तोंड आहे त्या दिशेचं अक्षर खाली येईल असा फिरवायचा. आणि नकाशावर "१ जानेवारी, रात्री ९" असं असंल तर तो १ फेब्रुवारीला सातला नि १५ जानेवारीला आठला तसाच चालतो, कारण तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, महिन्याला दोन तास होतात.

अंतर मोजायला हात पुरतो. हात सरळ लांब करून मूठ आडवी धरली की ती आकाशातले दहा अंश झाकते, करंगळी एक अंश. लहान पोराची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळं त्याचाही हिशेब जुळतो. क्षितिजापासनं डोक्यावरपर्यंत मुठीवर मूठ रचत गेलात तर नऊ मुठी भरायला पाहिजेत, आठ भरल्या नायतर दहा भरल्या तर तुमची मूठ किती अंशाची ते कळलं.

आता या मुठीनं सोलापूरची खासियत बघा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊला दक्षिणेकडं तोंड करून उभे राहा. वर व्याध चमकतोय, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, साडेपंचावन्न अंशांवर म्हणजे साडेपाच मुठी. त्याच्या सरळ खाली या, क्षितिजापासनं दोन मुठींवर एक एकटा, पांढरा, ठळक तारा. तो अगस्ती, समुद्र पिणारा. तेजात दुसरा नंबर. आता तिथंच पाठ फिरवा, उत्तरेला पुन्हा क्षितिजापासनं मुठी रचा, दोनाला थोडं कमी, तिथं ध्रुव, अगदी साधा, मंद, बघितल्यावर "एवढासाच?" वाटणारा. समोर अगस्ती पाठीला ध्रुव, दोघं जवळजवळ सारख्याच उंचीवर. लंडनच्या माणसाला ध्रुव पाच मुठींवर दिसतो खरा, पण त्याला अगस्ती जन्मात दिसत नाही, बघायचा तर तिकीट काढून दक्षिणेला यावं लागतं. म्हणून तिकडच्या पुस्तकात तो कोपऱ्यात टाकलेला असतो नायतर नसतोच. मी हे टाकीवाल्या काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "हा व्हय? आमच्या रानातनं रोज दिसायचा की, ह्याला नाव हाय होय!"

हिवाळ्यात ध्रुव शोधायचा तर सप्तर्षींची वाट बघू नका (मी बघितली, वर सांगितलंच). तेव्हा उत्तरेला शर्मिष्ठा असते, पाच ताऱ्यांचा मराठी 'म' सारखा नाही, इंग्रजी एमसारखा आकार. सप्तर्षी एप्रिल-मेमध्ये बघा, रात्री नऊला उत्तरेला उंच. आज्जी त्यांना बाजलं म्हणायची, चार खूर नि पुढं तीन चोर. त्या तीनपैकी मधला वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती दिसते का बघा.

सुरुवात मात्र मृगापासनंच करा. जानेवारी-फेब्रुवारीत चार कोपऱ्याला चार तारे नि मध्ये ओळीनं तीन, तो बाण. शहरातल्या उजेडातसुद्धा दिसतो. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी, तिच्या पुढं कृत्तिकांचा झुपका. चार कोपऱ्यांतला तांबूस तो काक्षी, समोरचा निळसर पांढरा तो राजन्य. एवढं एका रात्रीत होतं, आणि पहिल्या महिन्यात एवढंच करा, जास्त हावरटपणा नको.

इथं आपल्याकडचा एक जुना घोळ सांगायलाच पाहिजे. "मृग लागला" हे आपण जूनमध्ये ऐकतो, ७-८ तारखेला, पेरणीच्या गप्पा सुरू होतात. मी शाळेत असताना त्याच रात्री मृग बघायला गच्चीवर गेलेलो. कसा दिसणार? पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात, मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला, म्हणजे मृग दिवसा सूर्याबरोबर उगवतोय नि त्याच्याबरोबरच मावळतोय. रात्री त्याचा पत्ताच नसतो. पंचांगात रोजचं नक्षत्र चंद्राचं, पावसाचं नक्षत्र सूर्याचं, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपला.

उन्हाळा आपला ताकदीचा. गरमीनं तसंही गच्चीवरच झोपायचं असतं. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊला बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासनं मूठभर नि वर दोन बोटं, त्रिशंकू, चार ताऱ्यांचा तिरपा पतंग. त्याच्या डावीकडं मित्र नि मित्रक. मित्र हा सूर्यानंतरचा आपल्याला सगळ्यात जवळच्या तारकाकुटुंबाचा पत्ता, चार प्रकाशवर्षांच्या थोडा पुढं. यासाठी दक्षिण क्षितिज मोकळं पाहिजे, समोर अपार्टमेंट असंल तर विसरा. विजापूर रोडनं मंद्रूपच्या पुढं गेलात की शहराचा उजेड पाठीला पडतो नि दक्षिण काळी होते. तुळजापूर रोडला हिप्परग्याकडं गेलात तर उलटं, दक्षिणेलाच शहर येतं, तिकडं उत्तरेचं आकाश बघायला जा. ओळखीच्या माणसाचं रान बघा, आधी सांगून जा, बूट घाला, रस्त्याकडेला गाडी लावून अंधारात फिरू नका.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दिवसाचाही एक खेळ आहे. सोलापुरात सूर्य तेव्हा बरोबर डोक्यावर येतो. प्लंबिंगच्या पाइपचा हातभर तुकडा गच्चीवर सरळ उभा करा नि दुपारी बारा वीस-पंचवीसला बघा, सावली गायब. बाराला नाही, बारा वीसनंतर, कारण घड्याळाची वेळ प्रयागराजजवळच्या (जुनं अलाहाबाद) रेखांशाची नि आपण त्याच्या पश्चिमेला. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा तसं होतं पण तेव्हा ढग असतात.

टेलिस्कोप? थांबा. मी ऑनलाइन एक घेतलेला, डब्यावर शनीचं चित्र, तीनशे पट की कायतरी लिहिलेलं, भिंग पन्नास मिलिमीटरचं. नुसता श्वास घेतला तरी स्टँड हलायचा, गुरू हातभर नाचायचा. नंतर कळलं की भिंग जेवढ्या मिलिमीटरचं त्याच्या दुप्पट पटींपुढं चित्र नुसतं धूसर होतं, पन्नासचं असंल तर शंभर पट, बस. आता तो माळ्यावर आहे. त्यापेक्षा १०×५० चा बायनॉक्युलर घ्या, दहा पट आणि पन्नास मिलिमीटरचं भिंग. कोपर कठड्यावर टेकवून गुरू बघा, बाजूला टिंबं दिसतील, गॅलिलिओनं १६१० साली बघितलेले तेच चार चंद्र, दुसऱ्या दिवशी जागा बदललेले. कृत्तिका बघा, सहा-सात मोजणारे तुम्ही मोजायचं सोडून द्याल. मृगाच्या बाणाखालचा धुरकट डाग, आणि नोव्हेंबरात देवयानी तारकासमूहातला फिका ढग, जो पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांबची दुसरी दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, आहे. रंग शोधू नका, फोटोतले रंग डोळ्याला दिसत नाहीत, करडाच दिसतो. आणि सूर्याकडं बायनॉक्युलर चुकूनही वळवायचा नाही, पोरांच्या हातात दिवसा द्यायचाच नाही, डोळा कायमचा जातो.

एक स्वस्तातली शंभर पानी वही ठेवा. तारीख, वेळ, काय दिसलं, काय नाही दिसलं. माझ्या पहिल्या पानावर लिहिलंय, "सप्तर्षी नाहीत. पुस्तक फालतू." ते खोडलेलं नाही, खाली फक्त "अक्षांश बघ" असं लाल पेनानं लिहिलंय. जून ते सप्टेंबर वही बंद, तेव्हा वाचायची पुस्तकं काढायची, आणि दसऱ्याच्या आसपास आकाश धुऊन निघालं की कोजागरीचा चंद्र ओसरेपर्यंत थांबून पुढच्या संकष्टीला चादर घेऊन वर.